काळ्या मातीवर पांघरूण कशाचे घालावे?

होळीच्या मागेपुढे अमरावती-अकोल्याच्या कॉलन्यांमध्ये सकाळी एकच वास असतो, जळणाऱ्या पाल्याचा. कडुनिंबाची, पिंपळाची, शिसवाची पानगळ फेब्रुवारीत सुरू होते आणि गुढीपाडव्यापर्यंत निंबाला तांबूस पालवी फुटलेली असते. मधल्या पाच-सहा आठवड्यांत अंगणात, गल्लीत, शाळेच्या मैदानावर पाल्याचे ढीग पडतात. ते झाडून एका कोपऱ्यात ओढायचे आणि काडी लावायची, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. मग एप्रिल उजाडतो. त्याच अंगणातला मोगरा कोमेजतो, जास्वंदाच्या पानांच्या कडा करपतात, लिंबाची कोवळी फळे गळतात आणि घरातल्या कोणालातरी सकाळ-संध्याकाळ पाइप हातात धरून उभे राहावे लागते. उन्हाळ्यासाठी मातीला लागणारे पांघरूण झाड महिनाभर आधी स्वतःच खाली टाकते. आपण ते जाळून टाकतो आणि नंतर नर्सरीतून लाकडाच्या ढलप्या नाहीतर पांढरे गोटे विकत आणतो.

वाफ्यातली माती उघडी ठेवू नये, हे आता बहुतेक बागप्रेमींना ठाऊक आहे. शेतकरी त्याला आच्छादन म्हणतात, दुकानदार मल्चिंग म्हणतात. प्रश्न उरतो तो कशाने झाकावे हा. पुण्या-मुंबईच्या बागांसाठी लिहिलेला सल्ला वऱ्हाडात जसाच्या तसा चालत नाही. इथले ऊन वेगळे, माती वेगळी आणि बऱ्याच गावांत पाणीही वेगळे.

उन्हाचे आधी पाहू. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर राहिला, तेव्हा अकोला जिल्हा प्रशासनाला उष्णतेच्या लाटेमुळे जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले होते. हा पारा सावलीत, जमिनीपासून काही फूट उंचीवर मोजलेला असतो. त्याच दुपारी उघड्या, कोरड्या काळ्या मातीच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. बहुतेक भाज्यांची आणि फुलझाडांची बारीक मुळे वरच्या चार-सहा इंचांत असतात आणि मातीचे तापमान चाळिशीकडे झुकले की ती काम थांबवतात. म्हणून दुपारी पाणी भरपूर असूनही झाड माना टाकते. पाणी असते, पण ते ओढणारे मूळ भाजलेले असते. मातीवर तीन-चार इंच कोरड्या पाल्याचा थर असला की खालच्या मातीचा पृष्ठभाग सहज दहा-पंधरा अंशांनी थंड राहतो. पाल्यातली अडकलेली हवा उष्णता खाली जाऊ देत नाही. रजईत जे घडते तेच इथे उलट्या कामासाठी घडते.

आता माती. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची म्हणून नावाजलेली आहे आणि तिचा सगळा स्वभाव तिच्यातल्या चिकणमातीत आहे. या चिकणमातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी प्यायले की फुगते आणि वाळले की आक्रसते. म्हणून पावसाळ्यात हीच जमीन चपलेला किलोकिलोने चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेचे नुकसान नुसते दिसण्यापुरते नसते. भेग पडताना बारीक मुळे तुटतात, आणि भेगेच्या दोन्ही भिंतींवरून खोलवरची ओलही उडून जाते. वरून ओतलेले पाणी मुळांशी न थांबता भेगेतून थेट तळाला जाते. पांघरूण घातलेल्या वाफ्यात माती इतकी वाळतच नाही, त्यामुळे भेगा एकतर पडत नाहीत किंवा बारीक राहतात. लाल मातीच्या बागेत आच्छादनाचा मुख्य फायदा पाणी वाचणे हा असेल. काळ्या मातीत मुळे शाबूत राहणे हाही तेवढाच मोठा फायदा आहे.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याने हे ओळखले होते. पिकाच्या ओळींमधून डवरा फिरवण्यामागे तण काढणे एवढाच हेतू कधीच नव्हता. डवरणीने वरची दोन बोटे माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि ही मोकळी मातीच खालच्या ओलीचे झाकण बनते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही राज्यभर म्हटली जाणारी म्हण याच अनुभवातून आली. घरच्या वाफ्यातही खुरप्याने वरची माती हलवत राहिले तर थोडाफार हाच परिणाम मिळतो. फक्त मातीचे हे झाकण ऊन अडवत नाही आणि पाइपचे पाणी पडले की पुन्हा घट्ट होते. त्यामुळे परसबागेत ते एकटे पुरत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी आपल्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा असे चार आधार मांडले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जीवामृताने नेमके किती होते आणि खताशिवाय उत्पादन टिकते का, यावर कृषिशास्त्रज्ञांनी जाहीर शंका घेतल्या आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. आच्छादनाबद्दल मात्र असा वाद नाही. पाळेकर त्याचे तीन प्रकार सांगतात: हलवलेल्या मातीचे, वाळलेल्या काडीकचऱ्याचे आणि जिवंत झाडांचे. वाफसा हा मराठी शब्द तर मृदाशास्त्राच्या पुस्तकात जावा इतका नेमका आहे. मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही आहे, अशी ती स्थिती. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. पांघरुणाचे काम हा वाफसा जास्तीत जास्त दिवस टिकवणे एवढेच आहे, आणि कोणते साहित्य चांगले हे ठरवतानाही हीच कसोटी लावायची.

पाला, कुटार, पऱ्हाटी

या कसोटीवर पहिला नंबर लागतो घरच्याच सुक्या पाल्याचा. पण सगळा पाला सारखा नसतो. कडुनिंबाची बारीक पाने पटकन दबतात आणि एका पावसाळ्यात मातीत मिसळतात. त्यांचा थर जाड द्यावा आणि मेअखेर पुन्हा भर घालावी. पिंपळ, वड, आंबा यांची पाने टिकाऊ. मेळघाटच्या वाटेवर सागाची मोठाली पाने पोत्याने मिळतात, पण ती अख्खी पसरली तर कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी बाजूला वाहून जाते. ती पायाने चुरडून घ्यावीत. सुबाभळीचा पाला नत्राने समृद्ध, मात्र त्यात शेंगा असतील तर पहिल्या पावसानंतर वाफाभर सुबाभूळच उगवते. निलगिरीच्या पानांतली तेले कोवळ्या रोपांची वाढ रोखतात, ती वर्षभर कुजवूनच वापरलेली बरी. गाजरगवत फुलावर येण्याआधी कापून पसरता येते, पण अनेकांना त्याच्या स्पर्शाने त्वचेवर पुरळ उठते आणि परागकणांनी दमा बळावतो. घरच्या बागेसाठी ते नकोच.

दुसरा पर्याय कुटाराचा. सोयाबीनचे, तुरीचे, हरभऱ्याचे कुटार मळणीनंतर गावोगावी असते आणि शहरालगतच्या बागवाल्यांना ते पोत्यावर मिळू शकते. ही शेंगवर्गीय पिके असल्याने त्यांच्या कुटारात कर्बाच्या मानाने नत्र बरे असते. ही गोष्ट महत्त्वाची का, तर कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना कर्बासोबत नत्रही लागते. साहित्यात कर्ब-नत्राचे प्रमाण साधारण २५-३० ला १ च्या आसपास असले तर ते आपले आपण कुजते. गव्हाच्या काडात ते ८० ला १ च्या घरात असते आणि लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांना १. असे साहित्य मातीत मिसळले तर सूक्ष्मजीव कमी पडलेले नत्र मातीतूनच ओढतात आणि झाड पिवळे पडते. ‘भुसा टाकला आणि मोगरा पिवळा पडला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. उपाय सोपा आहे: भुसा किंवा काड मातीवर ठेवावे, मातीत खुपसू नये. वर राहिले तर ओढाताण फक्त सीमारेषेवर होते, मुळांपर्यंत पोहोचत नाही. आरामशीनचा बारीक भुसा तरीही टाळलेला चांगला, कारण तो भिजून वाळला की पापुद्रा धरतो आणि पाणी अडवतो. जाड ढलप्या चालतात.

पऱ्हाटी हे तर वऱ्हाडचे घरचे साहित्य. कापूस वेचून झाला की तिचे काय करायचे, हा प्रत्येक शेतकऱ्यापुढचा प्रश्न असतो. बारीक केलेली पऱ्हाटी टणक, हळू कुजणारी आणि उन्हाळाभर टिकणारी. झाडांच्या आळ्यात उत्तम. पण २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात घातलेला धुमाकूळ विसरता येत नाही. ही अळी न उमललेल्या बोंडांत आणि पऱ्हाटीवर राहिलेल्या अवशेषांत सुप्तावस्थेत तग धरते. अख्खी पऱ्हाटी आणून अंगणात रचून ठेवणे म्हणजे शेजारच्या वावराला पुढच्या हंगामाची अळी देणे. यंत्रातून बारीक केलेली किंवा खत करून कुजवलेलीच घ्यावी. जिनिंगमधल्या कचऱ्यालाही हाच नियम लागू.

नारळाच्या सालींचा भुसा आणि चिप्स आता ऑनलाइन मिळतात. ओल चांगली धरतात, पण न धुतलेल्या भुशात क्षार असतात. दक्षिणेच्या किनाऱ्यावरून ट्रकने आलेली वस्तू परसातल्या निंबाखाली मोफत पडलेल्या पाल्यापेक्षा सरस ठरावी, असे तिच्यात काही नाही.

तणांचा त्रास फार असेल तर पाल्याखाली वर्तमानपत्राच्या सहा-आठ घड्या भिजवून पसराव्यात. हा अंकही वाचून झाल्यावर त्या कामाला येईल. चकचकीत, रंगीत कागद घेऊ नये. हरळी त्याने बरीच दबते. लव्हाळा मात्र दबत नाही. त्याचे टोकदार कोंब प्लास्टिकही भेदून वर येतात, तिथे कागदाची काय कथा. लव्हाळ्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात. कागद आणि लाकूड या दोन्हींवर उधई येते, म्हणून घराच्या भिंतीपासून फूटभर पट्टा मोकळा ठेवावा. उधई बहुधा मेलेले साहित्य खाते, निरोगी झाड क्वचित. पण भिंतीला टेकलेला ओला थर तिला चौकटीपर्यंतची वाट करून देतो.

गोटे, गिट्टी आणि हिरवा गालिचा

बंगल्यांच्या, दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या दर्शनी वाफ्यांत गेल्या काही वर्षांत पांढरे गोटे नाहीतर काळी गिट्टी पसरण्याची टूम आली आहे. दिसते नीटनेटके, झाडलोट सोपी. पाण्याचे बाष्पीभवन दगडही थोडेफार रोखतात, आणि कोरफड, निवडुंग अशा झाडांभोवती त्यांना अर्थ आहे. पण काळी गिट्टी म्हणजे बेसाल्ट. दिवसभर ती तापते आणि रात्री ती उष्णता परत सोडते. ज्या गावांत मे महिन्यात रात्रीचे तापमानही तिशीखाली यायला कुरकुरते, तिथे बेडरूमच्या खिडकीखाली असा वाफा करणे म्हणजे कूलरच्या विरोधात भट्टी लावणे. पांढरे गोटे स्वतः कमी तापतात, पण ऊन वर, पानांच्या खालच्या बाजूवर आणि भिंतीवर फेकतात. शिवाय दगड कुजत नाही. मातीला काही देत नाही, आणि दोन वर्षांत काळ्या मातीत रुतून बसला की पुढच्या पिढीला कुदळ मारताना त्याची आठवण होत राहते.

प्लास्टिकच्या हिरवळीचा विचार तर मुलांच्या पायांसाठीच टाळावा. ती घाम गाळत नाही, म्हणजे जिवंत गवतासारखे पाणी सोडून थंड होत नाही, आणि भर दुपारी तिचा पृष्ठभाग अनवाणी पाय भाजेल इतका तापतो.

शेतात टरबूज, मिरचीसाठी वापरतात ती २५ मायक्रॉनची काळी-चंदेरी मल्चिंग फिल्म व्यापारी पिकाला परवडते, कारण तिथे एका हंगामाचा हिशेब असतो आणि खालून ठिबक असते. घरच्या बहुवर्षीय वाफ्यात ती वर्षभरात उन्हाने फाटते आणि तिचे तुकडे मातीत कायमचे राहतात. पारदर्शक प्लास्टिकचा एक उपयोग मात्र वऱ्हाडच्या उन्हासाठीच जन्मला असावा असा आहे. मे महिन्यात रिकामा वाफा ओला करून त्यावर पातळ पारदर्शक कागद चार ते सहा आठवडे घट्ट ताणला, की खालची माती इतकी तापते की अनेक तणांचे बी, सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी मरते किंवा क्षीण होते. इस्रायलमध्ये याकोव्ह कातान यांनी १९७६ मध्ये हे तंत्र शास्त्रीय नियतकालिकात मांडले. काम झाले की कागद काढून घडी घालून ठेवायचा आणि मग पाला पसरायचा.

खारपाणपट्ट्यातले गणित

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात पांघरुणाचे महत्त्व दुप्पट होते. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट आहे. प्यायचे पाणी दुरून नळाने आणावे लागते. अकोला शहराला ते महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला अप्पर वर्धातून मिळते. ते रोज येत नाही, म्हणून शहरातही बागेला बोअर जोडणारे पुष्कळ.

खारे पाणी वाफ्याला दिले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पृष्ठभाग जितका तापेल तितके खालचे पाणी वर ओढले जाते, जसे कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढते, आणि येताना ते क्षार घेऊन येते. उन्हाळ्यात वाफ्यावर दिसणारा पांढरा पापुद्रा तोच. बी उगवते ते नेमके याच वरच्या अर्ध्या इंचात, आणि तिथेच क्षार सर्वाधिक. थर घातला की बाष्पीभवन कमी होते, वात मंदावते, पापुद्रा जमत नाही. आच्छादन क्षार काढून टाकत नाही, एवढे लक्षात ठेवायला हवे. ते काम पावसाचे. इथल्या मातीत सोडियम जास्त असल्याने पाऊस मुरावा म्हणून जिप्समचीही गरज पडते, आणि ती किती हे माती परीक्षणाशिवाय ठरवू नये. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यातच आहे आणि माती तपासण्याची सोय दोन्ही जिल्ह्यांत आहे.

या पट्ट्यात एक घरगुती सवय बागेला नडते. डेझर्ट कूलरच्या टाकीत दिवसभर पाणी उडत राहते आणि उरलेले पाणी अधिकाधिक क्षारयुक्त होत जाते. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते सकाळी तुळशीच्या आळ्यात ओततात. बोअरच्या पाण्यावर कूलर चालत असेल तर ते ओतू नये. हंगामाअखेर काढलेली कूलरची जुनी ताटी आच्छादन म्हणून चांगली वाटते, पण तिच्या धाग्यांवर साठलेले पांढरे क्षार पावसाच्या पाण्यात एक-दोन महिने धुऊन गेल्याशिवाय ती वाफ्यावर टाकू नये.

थर वेगळा, ढीग वेगळा

पाला पसरा म्हटले की घरातून पहिला आक्षेप येतो सापांचा, आणि तो चुकीचा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप विदर्भात आहेत. पण साप राहतो तो पोकळीत: रचलेल्या पऱ्हाटीत, कुटाराच्या गंजीत, विटांच्या आणि लाकडांच्या ढिगात, जिथे उंदीर असतात तिथे. मातीला चिकटून असलेल्या तीन इंचांच्या दबलेल्या थरात त्याला ना आडोसा मिळतो ना भक्ष्य. साठवलेला ढीग घरापासून आणि पायवाटेपासून लांब असावा, पसरलेला थर तीन-चार इंचांहून जाड नसावा, आणि वाफ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. विंचू, गोम यांच्यासाठीही हेच. खुरपणी करताना हातमोजे आणि बूट घालण्याचा कंटाळा करू नये. घोणस नेमकी वाळल्या पानांच्या रंगाची असते.

दंश झालाच तर कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यात वेळ दवडू नये. दंशाचा अवयव हलू न देता १०८ ला फोन करावा आणि थेट अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, नाहीतर जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष याच चार सापांसाठी बनवलेले असते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

सापापेक्षा कमी बोलला जाणारा धोका दाट झुडपांतल्या सूक्ष्म कोळ्यांचा आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, तेव्हा हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. या आजाराचा जंतू उंदरांच्या आसपास वाढणाऱ्या कोळ्याच्या अळीच्या चाव्यातून येतो. गवत आणि ठेंगण्या दाट वनस्पती ही तिची जागा. म्हणून माती झाकायला वेडेलियासारख्या पसरणाऱ्या वेली लावणाऱ्यांनी त्या कापून आटोक्यात ठेवाव्यात, घराच्या दारापर्यंत येऊ देऊ नयेत. बागकामानंतर आठ-पंधरा दिवसांत तीव्र ताप आला आणि अंगावर सिगारेटने भाजल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसला, तर डॉक्टरांना बागेत काम केल्याचे आवर्जून सांगावे. वेळेत ओळखले तर साध्या प्रतिजैविकाने आजार बरा होतो.

डासांचे म्हणाल तर पाल्याच्या थरात पाणी साचत नाही, ते खाली मुरते. साचते ते नारळाच्या करवंट्यांत, प्लास्टिकच्या घड्यांत आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत. वाफ्याच्या कडेला शोभेसाठी करवंट्या उपड्या न ठेवता सुलट्या रोवल्या, तर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यांतून डेंग्यूच्या डासांची एक पिढी बाहेर पडते.

दमा असलेल्यांनी जुने, बुरशी लागलेले कुटार कोरडे उधळू नये. त्यातल्या सूक्ष्म बीजाणूंनी फुप्फुसाला सूज येते; गवताच्या गंजी हाताळणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये हा आजार जगभर माहीत आहे. आधी पाण्याचा हबका मारावा आणि तोंडाला रुमाल बांधावा. तरीही हा त्रास पाला जाळण्याच्या धुरापुढे काहीच नाही. अर्धवट ओला पाला धुमसतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसांत खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, आणि सकाळच्या थंड हवेत ते वर न जाता गल्लीतच तरंगत राहतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणात पाच हजार, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. दंडाची पावती फाडलेली सहसा दिसत नाही, धूर मात्र दर होळीला दिसतो.

संत्र्याचा ताण आणि पावसाळा

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आच्छादनाला वेळेचे बंधन आहे आणि दारात एखाददुसरे संत्र्याचे झाड असलेल्यांनाही ते लागू होते. मृग बहार घ्यायचा असेल तर मे महिन्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो, त्याशिवाय जून-जुलैत फुले येत नाहीत. त्या काळात आळ्यात जाड थर असेल तर ओल टिकते आणि ताण बसत नाही. आंबिया बहाराच्या झाडाला ताण डिसेंबर-जानेवारीत असतो. त्याची कोवळी फळे एप्रिल-मेच्या उन्हात झाडावर असतात आणि तेव्हा थर नसेल तर ती गळतात. दोन्हींत एक गोष्ट समान: थर बुंध्याला टेकता कामा नये. बुंध्याभोवती एक वीत जागा मोकळी हवी. ओला पाला सालीला चिकटून राहिला की डिंक्या रोगाची बुरशी शिरते आणि सालीतून डिंक वाहू लागतो. फुलझाडांसाठी चार बोटांचे अंतर पुरते.

पाणी देण्याची पद्धतही बदलावी लागते. थरावर रोज हलका शिडकावा केला तर तो थरच भिजतो, मुळांपर्यंत काही पोहोचत नाही. थर बाजूला सारून चार-पाच दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा झाकावे. थर घातल्यावर पूर्वीइतकेच पाणी देत राहिल्यास काळ्या मातीत मुळे कुजतात. पाने पिवळी दिसली की आपण आणखी पाणी घालतो, आणि झाड आणखी लवकर मरते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाइप गुंडाळून ठेवावा.

जूनमध्ये सगळे उलटते. वर्षाचा साधारण ८०० मिलिमीटर पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो आणि काळी माती पाणी सोडायला तयार नसते. जाड थर तसाच ठेवला तर वाफसा येतच नाही. शिवाय कुजत्या पाल्यात गोगलगायी आणि वाणी वाढतात, आणि वाणी अंकुरलेली कोवळी रोपे कुरतडते. पहिल्या दोन-तीन सरींनंतर थर बोटभर जाडीचा ठेवून उरलेला कोपऱ्यातल्या खड्ड्यात खतासाठी टाकावा. बी पेरलेल्या वाफ्यावर रोपे चार इंच होईपर्यंत काहीच घालू नये. वाफेही जमिनीपेक्षा वीतभर उंच असले तर पाणी निचरते.

मग ऑक्टोबर येतो. पाऊस परततो, ऊन पुन्हा चटका देऊ लागते आणि माती आक्रसायला सुरुवात होते. त्याच सुमारास वावरांत थ्रेशर धडधडत असतात आणि धुऱ्यावर सोयाबीनच्या कुटाराचे ताजे ढीग लागलेले असतात. ते जनावरांच्या गोठ्यात किंवा आगीत जाण्याआधी दोन-चार पोती सांगून ठेवली, तर वाफ्याची सोय निंबाची पानगळ सुरू होईपर्यंत होते.